कापसाच्या दिवसांतला इंग्रजी शब्द

कापसाचे दिवस आले की माझे कान जरा जास्तच तिखट होतात. दिवाळी उलटते, यवतमाळातल्या आमच्या घरासमोरून कापसाने फुगलेल्या गाड्या जिनिंगकडे जायला लागतात, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात, आणि घरात कुणी आवाज खाली करून बोललं की माझं हातातलं काम थांबतं. मुलाला आणि सुनेला आपसांत काही बोलायचं असलं की ती इंग्रजीत बोलतात. मला इंग्रजी येतं हे दोघांनाही ठाऊक आहे; मी शिकूनसवरून मास्तरीण झाले, निवृत्तही झाले. तरी सवय म्हणून ती बोलतात आणि सवय म्हणून मी ऐकते. विषय बहुतेक गॅसच्या सिलिंडरचा नाहीतर नातवाच्या शिकवणीचा असतो. पण तो कळेपर्यंत माझं जे कान टवकारणं चालतं, ते आजचं नाही. ते माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वेचणीचं आहे.

राळेगावकडच्या एका खेड्यात मी सून म्हणून आले, तेव्हा आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं लग्न नव्या रीतीनं लागलं. मी पांढरं लुगडं नेसले होते, आणि वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बाया 'हळद कशी नाही वं' म्हणून कुजबुजत होत्या. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता. घरात तो, मी आणि सासू, एवढीच माणसं. सासूला मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. दुसऱ्यांच्या वावरात राबून त्यांनी मुलाला मॅट्रिकपर्यंत नेलं होतं. मुलगा मास्तर झाला तरी त्यांनी वावर सोडलं नव्हतं, आणि त्यांच्या मागे मीही जाऊ लागले होते.

माझं माहेर पुसदच्या पलीकडे, नदीकाठी. तिथे माझी धाकटी बहीण होती, शेवंता. आम्ही शेवी म्हणायचो. माय दिवसभर कामावर, म्हणून शेवीला कडेवर वाढवलं ते मी. मला ती बाई म्हणायची, आणि तिला माझ्या हातचाच घास लागायचा. लग्नात मी निघाले तेव्हा ती गाडीच्या मागे पळत आली नाही, रडली नाही. पाठ फिरवून उभी राहिली. मला वाटलं, रुसली आहे, दिवाळीला जाईन तेव्हा काढीन रुसवा.

श्रावणात शेवी गेली. ताप डोक्यात चढला म्हणे. मला कळलं तेव्हा तिला माती देऊन बरेच दिवस झाले होते. माझा चुलतभाऊ सांगायला आला, पाणी प्यायला आणि उभ्याउभ्याच परत गेला. 'आता जाऊन काय करशीन,' आत्याबाई म्हणाल्या, 'दिवाळीले जाय.' नव्या सुनेनं सासरी मोठ्यानं रडायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. मी भाकरी थापत राहिले. पूर्वी असं काही झालं की देवीचा कोप म्हणून लोक मोकळे व्हायचे. आम्ही देव सोडले होते, त्यामुळे दोष द्यायला आता फक्त माणसं उरली होती.

दिवाळी आली, तरी माहेरचं कुणी न्यायला आलं नाही. बा नाही, काका नाही, साधा निरोप नाही. इथूनच माझा संशय सुरू झाला, पण अजून त्याला धरायला काही नव्हतं. ते त्या रविवारी मिळालं.

राळेगावच्या हायस्कुलातले इंग्रजीचे एक मास्तर रविवारी सायकलवर आमच्याकडे यायचे. माझा नवरा कॉलेजची परीक्षा बाहेरून देणार होता, त्याची तयारी करून घ्यायचे. त्यांचा एक नियम होता: रविवारी ओट्यावर मराठी बोलायचं नाही. त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर गेले. नवरा माझ्याकडे पाहून काहीतरी तोकडं बोलला. मास्तरांनी मान हलवली, बोट वर केलं, आणि एक लांबलचक शब्द सावकाश उच्चारला. डिस्कन्सोलेट. नवऱ्यानं तो म्हणून पाहिला. मास्तरांनी सुधारला. नवऱ्यानं पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला, आणि म्हणताना दर वेळी माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर काढलेल्या चित्राकडे पाहावं तसं दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी कप ठेवले आणि पदर नीट करून आत आले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी आत येताच त्यांनी मान खाली घातली.

बाईमाणसाबद्दल, तिच्यासमोर, तिला न कळणाऱ्या भाषेत, दोन पुरुष काय बोलत असतील? काळी आहे. अडाणी आहे. सात महिने झाले, अजून काही लक्षण नाही. मी तो शब्द तोंडात धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण गरम घास धरावा तसा तो पुढचा-मागचा सुटत गेला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे 'डिसकन' एवढाच उरला.

वेचणी भरात होती. दिवस उजाडायच्या आत वावरात जायचं, कारण दवानं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, ओली असतात तोवर बोंडांचा वाळका पाला मऊ असतो. ऊन चढलं की तो टोचतो आणि कापसाला चिकटून येतो. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत ओळीनं पुढे सरकायचं. बाया बोलतात, गातात, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करतात. मी गप्प. हाताला काम आणि डोक्यात तो अर्धा शब्द.

माझ्या शेजारच्या ओळीला सोमली असायची, पलीकडच्या तांड्यावरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिला मी विचारलं, 'सोमले, माणूस बायकोसमोर इंग्रजीत कायले बोलत असन?'

'सोडाची असन,' ती पटकन म्हणाली आणि हसली. मग माझं तोंड पाहून तिनं हसू आवरलं. 'अवं, आमी बी तुमच्यासमोर आमच्या बोलीत बोलतो. दर टायमाले काही वाईट नसते बोलत.'

'आणि कधी असते?'

'कधी कधी असते,' ती म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोजमाप व्हायचं. मालकाचा दिवाणजी तराजू धरायचा. तो चार इयत्ता इंग्रजी शिकलेला, आणि ते सगळ्या बायांना ठाऊक असावं याची काळजी घेणारा. माझं गाठोडं काट्यावर होतं तेव्हा मी धीर केला. 'दिवाणजी, डिसकन मंजे काय जी?'

'डिस्काउंट!' तो लगेच म्हणाला. 'कटती. माल ओला निंगाला, किडका, पिवळा निंगाला, का जिनवाला भाव कापते. मालात खोट असली का डिस्काउंट.' आणि जाता जाता माझ्या गाठोड्यात हात घालून त्यानं कापूस दाबून पाहिला. 'तुया माल चोखा हाय.'

मला हसूही आलं नाही. मला सगळं समजलंच होतं. मालात खोट होती, आणि नवरा ते आपल्या मित्राला सांगत होता.

एकदा संशयानं घर केलं की घरातल्या चांगुलपणाचीही भीती वाटायला लागते. आत्याबाई त्या दिवसांत मला जपत होत्या. भाकरीवर तेल जास्त टाकायच्या, जड घडा स्वतः उचलायच्या, वावरात मला सोपी ओळ सोडायच्या. बाजारातून नवऱ्यानं माझ्यासाठी हिरव्या काठाचं लुगडं आणलं, काही कारण नसताना. मी ते पेटीत ठेवून दिलं. सोडून द्यायची असली की गायीलासुद्धा आधी चारा घालतात, असं माझ्या मनानं घेतलं. नवरा काही विचारायला तोंड उघडायचा आणि न विचारताच बाहेर जायचा. रात्री मी भिंतीकडे तोंड करून निजायची. माझ्या मौनाचा आवाज त्या दोघांना ऐकू जात होता, हे मला दिसत होतं, आणि त्यातही मला माझ्याविरुद्ध काही शिजतंय असंच वाटत होतं.

आता लिहिताना वाटतं, संशय हा काही अगदीच मूर्ख नसतो. त्याला वास बरोबर येतो, फक्त तो चुकीचं दार ठोठावतो.

एका बाजाराच्या दिवशी मी आणि नवरा राळेगावहून परत येत होतो. सायकलच्या कॅरिअरवर मीठ-मिरचीचं गाठोडं होतं, म्हणून तो सायकल हातात धरून चालत होता आणि मी चार पावलं मागे. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी होती. मी मागूनच विचारलं, 'डिस्काउंट मंजे मी का?'

तो थांबला. 'काय?'

'तुमी मास्तरले सांगतलं थे. ओट्यावर. माझ्याकडे पाहून तीन-चारदा म्हटलं. मले दिवाणजीनं सांगतलं त्याचा अर्थ. मालात खोट असली का डिस्काउंट. सोडाची असन त मराठीत सांगा. मी माझी जाईन.'

तो आधी गोंधळला. मग त्याला तो रविवार आठवला, आणि त्याचा चेहरा असा पडला की तेवढ्यानंच माझ्या अंगातला अर्धा राग उतरला. 'डिस्काउंट नाई,' तो म्हणाला. 'डिस्कन्सोलेट.'

आणि तिथेच रस्त्यात त्यानं मला तो शब्द शिकवला, जसा वर्गातल्या मुलांना शिकवायचा तसा. आधी मी सॅड म्हटलं, तो म्हणाला. सॅड म्हणजे दुःखी. मास्तर म्हणाले, सॅड तर कुणीही असतं, छत्री हरवली तरी माणूस सॅड असतं. बहीण गेलेल्या बाईसाठी वेगळा शब्द आहे. कन्सोल म्हणजे समजूत घालणे, सांत्वन करणे. त्याच्याआधी नकार. जिची समजूत घालता येत नाही ती. हा बोलण्यातला शब्द नाही, पुस्तकातला आहे. भिकाऱ्याला नाही लावत, आजाऱ्याला नाही लावत. ज्याचं माणूस गेलं, किंवा ज्याची आशा गेली, त्यालाच.

नंतर मी स्वतः इंग्रजी शिकले तेव्हा या शब्दाला मराठी जोड शोधत राहिले. खिन्न पटला नाही, खिन्नता संध्याकाळी येते आणि सकाळी जाते. उदास तर पावसाळी आभाळही असतं. शोकाकुल जवळ येतो, पण तो आपण निधनाच्या पत्रकाखाली छापतो आणि त्यात सगळं खानदान बसवतो. ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही तो पुतण्याही शोकाकुल. आमच्या वऱ्हाडी बायांकडे 'कष्टी' आहे, 'जीव कष्टी झाला' म्हणतात, आणि तो खरा शब्द आहे. पण समजूत घालायला कुणीतरी आलं होतं, बसलं होतं, बोललं होतं आणि हात हलवत परत गेलं, ही जी गोष्ट त्या इंग्रजी शब्दाच्या पोटात आहे, ती कष्टीत नाही. आणि माझ्याकडे तर समजूत घालायला कुणी आलंच नव्हतं.

तेच मी त्या रस्त्यात नवऱ्याला म्हणाले. 'माझी समजूत घालता येत नाही, हे तुमाले कसं समजलं? तुमी त कधी घालून पाह्यली नाई. मी भाकरी वाढते, तुमी जेवता. शेवीचं नाव तुमी एकदा तरी घेतलं का? मले न विचारता मास्तरले सांगतलं. माया दुःखावर तुमी शब्द घोटून घेतला.'

तो सायकलच्या हँडलकडे पाहत होता. 'कसा विचारू? इचारलं असतं त सांगाव लागलं असतं.'

'काय सांगाव?'

एक बैलगाडी आमच्या बाजूनं गेली, गाडीवानानं रामरामाऐवजी आम्हाला 'जय भीम मास्तर' म्हटलं, यानं मान हलवली. गाडी लांब गेल्यावर तो म्हणाला, 'निरोप आधीच आलता. थे आजारी होती तवाच. तुया गावचा एक माणूस इकडं पाव्हणा आलता, तो मायले सांगून गेला का पोरगी तापानं फणफणून राह्यली अन् बाई बाई करते, धाडून द्या. मायनं तुले सांगतलं नाई. मले समजलं थे चार दिवसांनं. मी म्हटलं आता सांगू, मंग सांगू. मंग तुया भाऊच आला.'

त्या क्षणी मला राग आला असं म्हणता येणार नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की चला, मी वेडी नव्हते. घरात काहीतरी होतं. तेलाची भाकरी, हिरव्या काठाचं लुगडं, खाली घातलेली मान, सगळं जागच्या जागी बसलं. शेवी बाई बाई करत होती आणि मी कुणाच्या तरी वावरात मजुरीनं निंदण करत होते, हे कळायला मला आणखी शंभरेक पावलं चालावं लागलं. मग मी रस्त्यात खाली बसले.

आत्याबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर उभी राहिले. मुलाचा चेहरा पाहून त्यांना कळलं. त्या उठल्या नाहीत.

'काहून नाई सांगतलं, आत्याबाई?'

'आजारी पोरं बरी होतात,' त्या म्हणाल्या. 'मले वाटलं बरी होईन. तुले सांगतलं असतं त तू पायी निंगाली असती. तुया गावच्या नदीले पूर होता म्हणे. रस्ता बंद म्हणे. काठावर बसून काय केलं असतं तुनं?'

'कोन म्हणे?'

'निरोप आणणाराच म्हणे.'

'आणि निंदण?' मी विचारलं. 'निंदणाचे दिवस होते थे.'

सोललेले दाणे सुपात होते, ते त्यांनी एकदा हलवले. 'निंदण बी होतं,' त्या म्हणाल्या. 'खोटं कायले बोलू?'

त्या बाईशी मी पुढे पस्तीस वर्षं संसार केला. शेवटच्या दुखण्यात त्यांना मीच उचललं, धुतलं. त्यांच्या त्या दोन कारणांपैकी पहिलं किती आणि दुसरं किती, हे मला कधी कळलं नाही. कधी वाटायचं, पुराची भीती खरी होती. त्यांचा दीर नाल्यात वाहून गेला होता, हे मला नंतर कळलं. कधी वाटायचं, माणूस आपलं दुसरं कारण कबूल करतं ते पहिलं खरं वाटावं म्हणूनच. मी माझ्या शाळेतल्या मुलींना वेगवेगळ्या विशेषणांचे अर्थ सांगितले, पण या एका गोष्टीचा अर्थ मला लावता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, मला माहेरी जायचं आहे. कुणी अडवलं नाही. आत्याबाईंनी स्वतः तूर आणि गूळ बांधून दिला. नवऱ्यानं शाळेतून रजा काढली आणि बरोबर निघाला. मी नको म्हणाले नाही. राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून पुसद, दोन एसट्या आणि मधल्या वेळची स्टँडवरची वाट. खिडकीतून सगळीकडे कापूसच दिसत होता, वेचलेला, न वेचलेला, गाड्यांत भरलेला.

फाट्यावर बाजारातून परतणारा काका बैलबंडी घेऊन भेटला. माझ्याशी तो जेवढ्यास तेवढं बोलला. जावयाशी मात्र रीतीनं बोलत राहिला, पीकपाण्याचं. नदी आली. बैल पाण्यात घालता घालता तो म्हणाला, 'यंदा काही खरं नाई, जावईबापू. सारा श्रावण कोरडा गेला. या नदीत गुराले प्याले पाणी नव्हतं. मूग त वाळूनच गेला. भादवा आला तवा कुठं पाणी लागलं.'

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बैलांच्या पायांकडे पाहत होते. श्रावणात शेवी गेली होती.

घरात बा खाटेवर बसला होता. त्यानं मला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. मायनं जावयाला पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-पाणी दिलं, सतरंजी टाकून बसवलं. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती फार वाळली होती. दिवाळीला कुणी का आलं नाही, हे मला तिच्या डोळ्यांत पाहिल्याबरोबर समजलं. श्रावणापासून ती एकच प्रश्न घेऊन बसली होती: निरोप धाडला होता, मग माझी लेक आली कशी नाही? पण जावई समोर होता, आणि ती विचारणार नव्हती.

म्हणून मीच विचारलं. मला वाटतं, मला भांडायचं होतं. सगळ्यांसमोर ते खोटं उघडं करायचं होतं. मी म्हणाले, 'माय, शेवी गेली तवा नदीले पूर होता का?'

खाटेवर बा हलला. काका दारात बैलाचा कासरा धरून उभा होता, तो तसाच राहिला. मायनं माझ्याकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं, तो मान खाली घालून गूळ-पाण्याचा गडू दोन्ही हातांत धरून बसला होता. मग पुन्हा माझ्याकडे. तिनं कधी शाळा पाहिली नव्हती, पण एवढ्या प्रश्नावरून तिला सगळी गोष्ट समजली. निरोप कुठे अडला, कुणी अडवला, आणि मला परत त्याच घरी जायचं आहे, हेही.

'होता वं माय,' ती म्हणाली, जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात. 'दोन्ही थड्या भरून होती. माणूस काय, पाखरू येऊ शकत नव्हतं.'

माय खोटं बोलत होती. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

'मंग मी कशी येऊ शकली असती?' मी म्हणाले.

'कशी येशीन, बाप्पा,' ती म्हणाली, आणि तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तेव्हा मी रडले. सगळ्यांदेखत, मोठ्यानं, शेवीचं नाव घेऊन. पाठीमागे बा उठल्याचं आणि काकानं बैल सोडल्याचं मला ऐकू आलं, आणि कुणीतरी मला गप्प राहा म्हणेल याची मी वाट पाहिली. पण कुणी म्हणालं नाही.